पोरांवर विश्वास टाकणारा सेनापती

शनिवारी संध्याकाळी फडक्याने झाकलेले स्टीलचे ताट घेऊन मी इमारतीचा जिना उतरू लागलो, की ओळखीची मंडळी हटकून विचारतात, आज काय, सत्यनारायण का? ताटात प्रसाद नसतो. किल्ली, सुपारी, सेफ्टी पिन, लसणाची पाकळी, बसचे जुने तिकीट, दोऱ्याचे रीळ, खाडीकाठी सापडलेले पक्ष्याचे पीस, पंचवीस पैशांचे बाद झालेले नाणे असा चोवीस वस्तूंचा ऐवज त्यात असतो. ऐरोलीत आमच्या सेक्टरातल्या मैदानावर एका शाळेचे स्काउट पथक जमते. ताट त्यांच्यासाठी. पोरे कोंडाळे करून बसतात. फडके उचलायचे, एक मिनिट होऊ द्यायचे, पुन्हा झाकायचे. मग प्रत्येकाने वहीत आठवतील तितक्या वस्तू लिहायच्या. बँकेत पस्तीस वर्षे चेकवरच्या सह्या ताडून पाहिलेला मी माणूस, पण माझी मजल सतराच्या पुढे जात नाही. सातवीतला एक बारकासा मुलगा बावीस-तेवीस वस्तू लिहितो आणि वर नाण्यावर गेंडा होता हेही ऐकवतो.

या खेळाला 'किम्स गेम' म्हणतात. 'किम' या १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतून तो आला. कादंबरीकार रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म आपल्या मुंबईतला, १८६५ सालचा, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. कादंबरीतला किम हा पोरगा सिमल्यातल्या एका दुकानात थाळीतली रत्ने पाहून लक्षात ठेवायला शिकतो आणि प्रथम एका हिंदू मुलाकडून सपाटून हरतो. कादंबरीतला हा प्रसंग उचलून मैदानावर आणला तो एका इंग्रज सेनापतीने. त्यांची तसबीर तुम्ही पाहिलेली असते. शाळेच्या व्हरांड्यात रुंद काठाची टोपी, पांढऱ्या मिशा, गळ्यात स्कार्फ आणि डोळ्यांत थोडा मिस्कीलपणा. खाली नाव लॉर्ड बेडन-पॉवेल. २२ फेब्रुवारीला तसबिरीला हार घालतात आणि पुन्हा वर्षभर तिच्याकडे कोणी पाहत नाही.

सत्तरच्या दशकात मीही स्काउट होतो. एका तालुक्याच्या गावी, खाकी चड्डीत. दोन वर्षांत मी काय शिकलो? सावधान, विश्राम, आणि पाहुणे आले की तालबद्ध टाळ्या. १५ ऑगस्टला संचलन. खेळ एकही नाही. त्यामुळे निवृत्तीनंतर इथल्या पथकाच्या सरांनी शनिवारचे खेळ घ्याल का म्हणून विचारले, तेव्हा हो म्हणून मी घरी आलो आणि घाबरलो. मग या गृहस्थांचे चरित्र वाचायला घेतले. आपल्याला जे शिकवले गेले नाही ते मुळात काय होते, एवढेच पाहायचे होते. वाचता वाचता एका गोष्टीने मी हरखून गेलो आणि दुसरी गोष्ट मात्र अजून सलते आहे.

रॉबर्ट स्टीफनसन स्मिथ बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ चा, लंडनचा. नावातले 'रॉबर्ट स्टीफनसन' हे त्यांच्या धर्मपित्याचे, म्हणजे प्रसिद्ध रेल्वे अभियंत्याचे नाव. हेच स्टीफनसन बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी सोडणाऱ्या जी. आय. पी. रेल्वेचे सल्लागार अभियंता होते. आमच्या खाडीपलीकडे ठाण्याचे दिवे दिसतात, तेव्हा मला हे उगीचच आठवते.

वडील ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक. मुलगा तीन वर्षांचा असताना, १८६० साली, ते वारले. आईच्या पदरात मुलांचा मोठा गोतावळा. बाई जिद्दीची होती. पैसा बेताचा, पण मुलांना तिने मोकळे सोडले. थोरला भाऊ वॉरिंग्टन धाकट्यांना घेऊन होडीतून भटके, नदीकाठी तंबू ठोकी, आणि भांडी घासणे, लाकडे फोडणे ही सगळी कामे अर्थातच धाकट्याच्या वाट्याला. घरात त्याला 'स्टीवी' म्हणत. चार्टरहाउस या शाळेत तो अभ्यासात यथातथा, नाटकात आणि नकलांत पुढे. दोन्ही हातांनी चित्रे काढी. शाळेलगत झाडी होती. तिथे जायला मनाई. हा पठ्ठ्या दडून तिथे जाई, ससा पकडी आणि मास्तरांना धूर दिसू नये अशा बेताने चूल पेटवून भाजून खाई. पुढे जगभरच्या लाखो मुलांना शिकवलेल्या विद्येचा उगम हा असा, शाळा चुकवण्यात आहे.

ऑक्सफर्डच्या प्रवेशात तो नापास झाला. पण लष्कराच्या परीक्षेत घोडदळाच्या यादीत दुसरा आला आणि एकोणिसाव्या वर्षी, १८७६ साली, तेराव्या हुसार पलटणीत अधिकारी म्हणून थेट लखनौला दाखल झाला. इथून पुढे त्यांना अहो-जाहो करायला हवे.

हिंदुस्थानातली त्यांची वर्षे ही त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्याची होती. पोलो, नाटके, घोड्यावरून भाल्याने रानडुकराची शिकार. या शिकारीचा मानाचा 'कादिर कप' त्यांनी १८८३ साली जिंकला. ते सगळे सोडून देऊ. महत्त्वाचे घडले ते १८९७ ते १८९९ या दोन वर्षांत, मेरठला. तिथे ते पाचव्या ड्रगून गार्ड्स या पलटणीचे प्रमुख होते. शिपाई विषमज्वराने मरत. साहेबांनी पलटणीची स्वतःची बेकरी, डेअरी आणि सोडावॉटरचा कारखाना काढला. आणि फावल्या वेळात शिपायांना टेहळणी शिकवू लागले. पद्धत अशी, की मोठी रांग उभी करून हुकूम द्यायचा नाही. छोट्या तुकड्या करायच्या, प्रत्येक तुकडीला तिचा म्होरक्या, आणि रात्री त्यांना एकटे पाठवायचे. ताऱ्यांवरून दिशा ओळखा, मातीतला ठसा वाचा, आपल्या बुद्धीने परत या. परत आल्यावर काय काय पाहिले ते विचारायचे. हुकमाशिवाय हालचाल करायची नाही हे ज्या शिपायाच्या हाडीमांशी मुरलेले, त्याला हे नवे होते. या प्रयोगावरून साहेबांनी शिपायांसाठी एक पुस्तिका लिहिली. ती १८९९ साली लंडनमध्ये छापून बाहेर पडली, तेव्हा लेखक दक्षिण आफ्रिकेत वेढ्यात अडकलेला होता.

हा मॅफेकिंगचा वेढा. ब्रिटिश आणि बोअर यांच्या युद्धात १३ ऑक्टोबर १८९९ पासून १७ मे १९०० पर्यंत, म्हणजे २१७ दिवस, बोअर फौजांनी हे छोटे रेल्वेचे गाव वेढून ठेवले. आत लढणारे हजार-बाराशे, बाहेर सुरुवातीला त्यांच्या कित्येक पट. बेडन-पॉवेल यांनी तिथे जे केले त्याला युद्ध म्हणावे की नाटक, असा प्रश्न पडतो. वाळूने भरलेल्या पेट्या सुरुंग म्हणून वाजतगाजत पुरल्या. काटेरी तार मिळेना, तेव्हा नुसते खांब रोवले आणि शिपायांना ताकीद दिली, की त्यांच्यामधून जाताना पाय उंच उचलून तार ओलांडल्याची बतावणी करायची. दुर्बिणीतून पाहणाऱ्या बोअरांना तार 'दिसली'. शाळेतला नकलाकार मोठेपणी कामी आला तो असा.

याच वेढ्यात गावातल्या नऊ-दहा वर्षांपासूनच्या गोऱ्या मुलांचे एक पथक उभे राहिले होते. ते उभारले लॉर्ड एडवर्ड सेसिल या अधिकाऱ्याने. त्यांचा तेरा वर्षांचा म्होरक्या वॉर्नर गुडइयर. ही मुले निरोप पोचवत, पहारा देत, टपाल वाटत. आधी गाढवांवरून, आणि चाऱ्याअभावी गाढवे गावाच्या पोटात गेल्यावर सायकलींवरून. वेढ्यात छापलेल्या टपाल तिकिटावर सायकलवरच्या गुडइयरचे चित्र आहे. तोफगोळे पडत असताना जोखमीचे काम दिलेला मुलगा ते बिनचूक करतो, हे बेडन-पॉवेल यांनी तिथे डोळ्यांनी पाहिले.

त्याच गावात त्यांना आणखीही काही दिसायला हवे होते. मॅफेकिंगच्या बचावात बारोलाँग जमातीचे काळे लोकही लढले. पण अन्न आटू लागले तेव्हा उपासमारीचा सर्वात कठोर वाटा काळ्या रहिवाशांच्याच पदरी आला. गावच्या कोर्टात दुभाषी असलेल्या सॉल प्लाट्‌ये या काळ्या तरुणाने वेढ्यात रोजनिशी लिहिली होती. ती १९७३ साली प्रसिद्ध झाली आणि वीरगाथेची ही दुसरी बाजू जगापुढे आली. त्याआधी १८९६ साली मॅटबेलेलँडमधल्या उठावात उविनी नावाच्या बंदिवान सरदाराला बेडन-पॉवेल यांनी लष्करी न्यायालयापुढे उभे करून गोळ्या घालायला लावल्या होत्या. चौकशी झाली, ते निर्दोष सुटले. तसबिरीला हार घालताना हे कोणी सांगत नाही. मुलांना सांगावे की नाही यावर माझी आणि पथकाच्या सरांची चर्चा झाली. मोठ्या मुलांना सांगायचे, असे आम्ही ठरवले.

वेढा उठला आणि लंडनच्या रस्त्यांवर लोक वेड्यासारखे नाचले. त्रेचाळिसाव्या वर्षी बेडन-पॉवेल मेजर जनरल झाले. आफ्रिकेतून परतले तेव्हा त्यांना एक गंमत दिसली. शिपायांसाठी लिहिलेली ती पुस्तिका मुलेच वाचत होती. पुढे फील्ड मार्शल झालेले ॲलनबी यांची एक गोष्ट बेडन-पॉवेल सांगत. ॲलनबी घोड्यावरून घरी येत असताना झाडावरून त्यांच्या छोट्या मुलाचा आवाज आला, की बाबा, तुम्ही मेलात, आम्ही तुम्हाला टिपले. वर पाहतात तो मुलगा फांदीवर आणि त्याच्याही वर त्याची शिकवणीची बाई! त्या बाईंना ज्या संस्थेत शिक्षण मिळाले होते, तिथे हेच पुस्तक नेमलेले होते.

१९०४ साली ग्लासगोमध्ये 'बॉईज ब्रिगेड' या संघटनेचे हजारो मुलांचे संचलन त्यांनी पाहिले. संस्थापक विल्यम स्मिथ यांनी सुचवले, की तुमचे पुस्तक मुलांसाठी नव्याने लिहा. अमेरिकेत अर्नेस्ट थॉम्सन सीटन नावाचा निसर्गवेडा लेखक मुलांना रानातले खेळ शिकवत होता. १९०६ साली त्याने आपले पुस्तक बेडन-पॉवेल यांना पाठवले. त्यातले बरेच खेळ साहेबांनी उचलले. श्रेय पुरेसे दिले नाही, ही सीटनची तक्रार अखेरपर्यंत राहिली. कादंबरीकार म्हणून माझी सहानुभूती सीटनकडे आहे. पण मैदानावरचा माणूस म्हणून कबूल करतो, की खेळ हे लोकगीतासारखे असतात. ज्याच्या तोंडी बसतात त्याचे होतात.

आता १ ऑगस्ट १९०७. दक्षिण इंग्लंडमधल्या पूल बंदरातले ब्राउनसी नावाचे छोटे बेट. पन्नाशीचा एक सेनापती वीसेक मुलांना घेऊन तंबूत उतरला आहे. निम्मी मुले बड्या घरची, खर्चिक शाळांतली. निम्मी जवळच्या बोर्नमथ आणि पूल या गावांतली, कामकऱ्यांच्या घरातली. फी श्रीमंतांना एक पौंड, गरिबांना साडेतीन शिलिंग. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही दोन प्रकारची मुले एका पातेल्यातले जेवत नसत. साहेबांनी त्यांची सरमिसळ करून चार टोळ्या पाडल्या. लांडगे, बैल, कर्ल्यू आणि डोमकावळे. कर्ल्यू हा लांब वाकड्या चोचीचा पाणपक्षी. आमच्या ठाणे खाडीतही थंडीत येतो. प्रत्येक टोळीची खांद्यावर निराळ्या रंगाची फीत, आणि प्रत्येकीचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा.

सकाळी साहेब कुडू हरणाचे शिंग फुंकत. ते त्यांनी मॅटबेलेलँडहून आणले होते. मग दूध-बिस्किटे, कवायत, आणि दिवसाचा विषय. आज गाठी आणि झोपड्या, उद्या माग काढणे, परवा बोटीतले काम, तेरवा जखमीला वाचवणे. प्रत्येक विषय आधी थोडका सांगायचा, लगेच करून दाखवायचा आणि मग त्याचा खेळ करायचा. माग काढणे शिकवले, की एक मुलगा हरीण होऊन पळणार, त्याच्याजवळ टेनिसचे चेंडू, मागावरच्या शिकाऱ्यांजवळही चेंडू. ज्याला आधी चेंडू लागेल तो बाद. बोटीचा धडा झाला, की ओंडका पाण्यात सोडून तो देवमासा समजायचा आणि दोन बोटींनी त्याच्यावर भाले टाकत त्याला आपापल्या काठाकडे ओढायचे. रात्री शेकोटी आणि शेकोटीपाशी साहेबांच्या गोष्टी. नाटकी माणूस, झुलूंचे गाणे म्हणत शेकोटीभोवती नाचे.

पण मला हरखून टाकले ते रात्रीच्या एका नेमाने. रोज रात्री एका टोळीने आपला शिधा घेऊन तळापासून दूर जायचे. कणीक, थोडे मांस, भाज्या, चहा. बरोबर मोठा माणूस नाही. आपली जागा शोधायची, चूल मांडायची, रांधून खायचे, पहारे लावायचे. साहेब आणि बाकीच्या टोळ्यांचे नायक अंधारातून दबक्या पावलांनी येऊन पाहणार, पहारेकरी जागा आहे की नाही. साहेबही यात खेळगडीच.

हे वाचण्यापूर्वीचा माझा एक शनिवार सांगतो. माग काढण्याचा खेळ होता. मी दुपारीच सेक्टरातल्या गल्ल्यांत खडूने बाण काढून ठेवले होते. एका टोळीचा नायक चुकीच्या वळणाला वळला. मी शिट्टी मारली, धावत गेलो, हात धरून योग्य गल्लीत आणून सोडले. पोरांनी खेळ पुरा केला, पण कंटाळ्याने. नायक मुलगा तर कोपऱ्यात गप्प उभा. बँकेत मी शाखाधिकारी होतो तेव्हा नव्या कारकुनाच्या हातून लेजर ओढून घेऊन बेरीज स्वतः करायची माझी सवय होती, ती इथेही आलीच म्हणायची. पुढच्या शनिवारी शिट्टी खिशात ठेवली. तीच टोळी पुन्हा चुकली आणि चाळीस मिनिटे उशिरा आली. तेवढ्यात माझे काय झाले ते विचारू नका. दोन आयांचे फोन येऊन गेले. एकीने तर रागानेच विचारले, की तुम्ही मुलांना सोडता कसे? त्यांचेही बरोबर होते. तेव्हापासून खेळाची हद्द आधी ठरते, मोठा रस्ता ओलांडायचा नाही हे ठरते, नायकाजवळ एक फोन असतो आणि हद्दीच्या कोपऱ्यांवर दोन पालक कोणाला कळणार नाही असे उभे असतात. पण ती उशिरा आलेली पोरे काय बोलत होती! कुठे चुकलो, कोणाला खडूची खूण दिसली, कोणी कोणाचे ऐकले नाही. तास उलटून गेला तरी संपेना.

जानेवारी १९०८ पासून 'स्काउटिंग फॉर बॉईज' हे पुस्तक पंधरा-पंधरा दिवसांनी सहा भागांत निघाले. किंमत प्रत्येकी चार पेन्स, म्हणजे मुलांच्या खाऊच्या पैशांतली. त्यात प्रकरणे नाहीत, शेकोटीच्या गप्पा आहेत. गोष्ट, माहिती, लगेच खेळ. साहेबांची कल्पना होती, की आधीच्या संघटना हे वापरतील. झाले उलटेच. मुलांनी आपापसांत टोळ्या केल्या आणि मग आमचे मास्तर व्हा म्हणून एखाद्या तरुणाला गाठू लागली. ४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला दहा हजारांवर मुले जमली. त्यात टोप्या-काठ्या घेऊन मुलीही हजर! त्यांना कोणी बोलावलेच नव्हते. पुढच्याच वर्षी बहीण ॲग्नेस यांच्या मदतीने 'गर्ल गाईड्स' सुरू करावी लागली.

पुढची वर्षे भराभर सांगतो. १९१० साली ते लष्करातून निवृत्त झाले. १९१२ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, आगबोटीवर भेटलेल्या तेवीस वर्षांच्या ओलाव्ह सोम्स यांच्याशी लग्न झाले. दोघांचा वाढदिवस एकच, २२ फेब्रुवारी. तीन मुले झाली. ओलाव्हबाई पुढे गाईड चळवळीच्या जागतिक प्रमुख झाल्या. १९१६ साली धाकट्या मुलांसाठी 'कब' शाखा निघाली, तिचा सगळा खेळ किपलिंगच्या 'जंगल बुक'वर बेतलेला. जगातल्या अनेक देशांतला कब आपल्या पथकप्रमुखाला 'अकेला' म्हणतो, तो शब्द आपल्याकडचा. मोगलीच्या कथेतले सिवनीचे डोंगर नागपूरच्या उत्तरेला आणि त्यातली वैनगंगा म्हणजे भंडारा-गडचिरोलीची आपलीच वैनगंगा. १९२० मध्ये लंडनला पहिला जागतिक मेळावा, म्हणजे 'जांबोरी', भरला आणि मुलांनी त्यांना जगाचा चीफ स्काउट केले. १९२९ मध्ये सरदारकी मिळाली. त्या वर्षीच्या जांबोरीत त्यांना काय भेट हवी हे मुलांनी ओलाव्हबाईंकडून काढून घेतले. साहेबांना म्हणे फक्त पँटचे नवे गॅलस हवे होते! मुलांनी पै-पै जमवून गॅलस दिलेच, वर रोल्स-रॉईस गाडी आणि प्रवासाचे फिरते घरही दिले.

आता सलणारी गोष्ट. १९०९ साली कॅप्टन बेकर यांनी बंगळूरला हिंदुस्थानातले पहिले पथक काढले. १९१०-११ मध्ये आपल्या खडकीला आणि लोणावळ्यालाही पथके निघाली. सगळी लंडनच्या मुख्यालयात नोंदलेली, आणि सगळी फक्त युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठी. १९०८ साली टिळक मंडालेला गेले होते. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकला जॅक्सनचा वध झाला. खुणांची भाषा, माग काढणे, गुपचूप निरोप पोचवणे ही विद्या हिंदी पोरांच्या हाती द्यायला सरकार कचरत होते. खडकीच्या मैदानावर गोरी मुले हरीण-हरीण खेळत असतील तेव्हा कुंपणापलीकडून आपल्यापैकी कोणाच्या तरी आजोबांनी ते पाहिले असेल.

आपल्या लोकांनी परवानगीची वाट पाहिली नाही. शाहजहानपूरला १९१३ साली श्रीराम वाजपेयी यांनी हिंदी मुलांचे पथक काढले. १९१६ मध्ये मद्रासला ॲनी बेझंट यांनी 'इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन' स्थापली. पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि वाजपेयी यांनी अलाहाबादला सेवा समितीचे स्काउट उभे केले. कुंझरू हे गोखल्यांनी पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे, पुढे त्याचे अध्यक्षच. नागपूरला व्हिव्हियन बोस हे बॅरिस्टर, जे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, स्काउटिंगमध्ये वर्षानुवर्षे राबले. मराठीत 'बालवीर' हा शब्द रूढ झाला. टेहळ्यापेक्षा तो कानाला गोड.

१९२१ साली व्हाइसरॉयच्या निमंत्रणावरून साहेब आले, देशभर फिरले. बेझंटबाईंची संघटना मूळ संघटनेत विलीन झाली, सेवा समितीने मात्र वेगळे राहणे पसंत केले. १९३७ साली ऐंशीचे झालेले साहेब दिल्लीच्या जांबोरीसाठी पुन्हा आले. या भेटीनंतर हिंदी लोकांच्या चारित्र्याविषयी त्यांनी अनुदार उद्गार काढले. देशभर संताप उसळला. अनेकांनी स्कार्फ उतरवले आणि १९३८ साली 'हिंदुस्थान स्काउट असोसिएशन' वेगळी उभी राहिली.

मला याचे कोडे अजून सुटलेले नाही. तेरा वर्षांच्या पोराला कणीक आणि आगपेटी देऊन अंधारात सोडणारा, आणि तो नीट परत येईल अशी खात्री बाळगणारा हा माणूस. अख्ख्या देशातल्या मोठ्या माणसांबद्दल मात्र ती खात्री त्याला नव्हती. म्हातारपण म्हणावे, तर उविनीचा प्रसंग तरुणपणाचा. काळाचा दोष म्हणावा, तर त्याच काळात राहून बेझंटबाईंना दिसले ते यांना का दिसू नये? पुढे ७ नोव्हेंबर १९५० रोजी सगळ्या संघटना एक होऊन 'भारत स्काउट्स' झाली, १५ ऑगस्ट १९५१ ला गाईड्स येऊन मिळाल्या. पहिले राष्ट्रीय आयुक्त होते कुंझरू. ज्यांचा अपमान झाला त्यांनीच त्या माणसाचा खेळ, त्याची टोळी, त्याचा डाव्या हाताचा हस्तांदोलनाचा रिवाज सगळे ठेवले, आणि तसबीरही भिंतीवर राहू दिली.

१९३७ च्या उन्हाळ्यात हॉलंडमधल्या जांबोरीत त्यांनी मुलांचा निरोप घेतला. शेवटची वर्षे केनियातल्या न्येरी गावी, माउंट केनिया समोर दिसेल अशा छोट्या घरात, पाखरा-जनावरांची चित्रे काढण्यात गेली. ८ जानेवारी १९४१ रोजी ते वारले. तिथल्या दगडावर नावाखाली एक वर्तुळ आणि त्यात मधोमध एक ठिपका कोरलेला आहे. माग काढण्याच्या खेळातली ही शेवटची खूण. अर्थ एवढाच, की खेळ संपला, मी घरी गेलो.

आमच्या मैदानावरही शेवटची टोळी परतली, की नायक खडूने ही खूण फाटकापाशी काढतो. वॉचमनला सुरुवातीला वाटले, कोणी करणी केली. तो बादलीभर पाणी ओतून पुसून टाकी. आता मुलांनी त्याला अर्थ सांगितला आहे. तरी तो पुसतोच, पण सगळी पोरे आपापल्या जिन्यात शिरल्यावर.